फ्रेटलेस बेस विकायचा असेल तर आधी फिंगरबोर्ड बघा

फ्रेटलेस बेसला, म्हणजे पडदे (फ्रेट) नसलेल्या बेस गिटारला, गिऱ्हाईक कमी, पण जे येतं ते बहुतेक जाणकार असतं. बॉडीवरच्या ओरखड्यांकडे ते ढुंकूनही बघत नाही. बेस उचलतं, ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या, बाजूने नेक (लांब दांडी) डोळ्यासमोर धरतं आणि एक डोळा मिटून तिच्यावरची पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, सरळ आहे का ते बघतं. पडदे असलेल्या गिटारवर तार धातूवर टेकते आणि पडदे झिजले तर नवे बसतात. इथे तार थेट लाकडावर टेकते, म्हणून झिजतं ते लाकूडच. चौतीस इंची स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) बेसवर ही पट्टी साधारण ६० सेंटिमीटर लांब असते. किंमत ठरते ती तिथे.

फ्रेटलेसचा तो गुणगुणता, ओढून घेतल्यासारखा सूर येतो तोही त्या पट्टीतूनच. तंबोऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासत राहते आणि जवारी बोलते, तसंच काहीसं इथे फिंगरबोर्डवर होतं. बोटाने दाबलेली तार पुढे काही अंतर लाकडाला निसटता स्पर्श करत कंप पावते. पट्टीत खड्डा किंवा उंचवटा असेल तर ही जवारी एका जागी बोलते आणि दोन बोटं पुढे मुकी होते. गिऱ्हाईक खालपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवत जातं ते हेच तपासायला.

आधी वाजता करा, मग ठरवा

कपाटात पडून राहिलेला बेस बरेचदा मनातून उतरलेला नसतो, त्याचा सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची यांची जुळणी) उतरलेला असतो. तारा मेलेल्या असतात, दोन पावसाळ्यांत नेक वाकलेली असते, वाजवायला घेतला की हात दुखतो आणि मग तो बॅगेतच राहतो. म्हणून विकायचं नक्की करण्याआधी सेटअप करून आठवडाभर रोज अर्धा तास वाजवा. तरी हात वळला नाही तर विकायला हरकत नाही. सेटअपचा खर्च वाया जात नाही, कारण नीट लागलेला बेस लवकर जातो आणि घासाघीसही कमी होते.

तारा काढा, पण नेक रात्रभर बिनताणाची ठेवू नका. फिंगरबोर्ड कोरड्या सुती कापडाने पुसा. शिसवी किंवा आबनूस लाकूड कोरडं, फिकट पडलं असेल तर फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन चोळा, दहा मिनिटांनी उरलेलं पुसून टाका. खोबरेल तेल लावू नका. ते लाकडात खवट होतं, वास धरतं आणि धूळ ओढतं. पट्टीवर इपॉक्सीचा किंवा लॅकरचा थर असेल तर तेलाचा काहीच उपयोग नाही, ओलसर कापड पुरे. काही जण पट्टी चकचकीत करायला स्टील वूल घासतात. त्याचे बारीक लोखंडी कण पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाला चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत. वापरायचंच असेल तर पिकअपवर आधी मास्किंग टेप लावा.

नव्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेटोळ्याच्या गुळगुळीत, घाला. पट्टीला त्या सौम्य असतात, आणि आपण पट्टी जपली आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. चार तारी बेसला ०.०४५ ते ०.१०५ इंच हा नेहमीचा संच चालतो. खाच असलेल्या खुंटीला खुंटीपासून १० ते १२ सेंटिमीटर पुढे तार काटकोनात वाकवा आणि मगच, वाकवलेल्या भागाच्या पुढे, कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सरकू शकतं आणि तार कायमची मंद वाजते.

आता रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक. बेस ई-ए-डी-जी सुरात लावा. ई तार पहिल्या रेषेच्या जागी (पहिला पडदा असता तिथे) आणि नेक बॉडीला मिळते तिथे दाबून धरा. सातव्या-आठव्या जागी तार आणि पट्टी यांच्यात ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद घ्या, तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एक कागद सहज सरकावा आणि दोन कागद जेमतेम. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, बाक जुळवणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. अ‍ॅलन की नेमक्या मापाचीच घ्या. मेट्रिक आणि इंची मापं जवळजवळची असतात, आणि सैल बसणारी की रॉडच्या नटाचे कोपरे खाते. त्या एका चुकीने बेसची किंमत पडते, कारण बिघडलेला ट्रस रॉड दुरुस्त करायचा तर कधी कधी फिंगरबोर्डच उचकटावा लागतो. रॉड घट्ट लागला तर थांबा आणि कारागिराकडे न्या.

बाराव्या जागी तारेची उंची ई खाली २ मिलिमीटर आणि जी खाली १.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. तारांच्या नटाजवळ (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो आधार) मोकळी तार पट्टीच्या वर दोन कागदांइतकीच हवी. नट उंच राहिला तर पहिल्या तीन जागांवरचे सूर चढे लागतात आणि नवखं गिऱ्हाईक म्हणतं की बेस बेसूर आहे. शेवटी प्रत्येक तारेचा बारावा हार्मोनिक (बाराव्या जागी तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच जागी दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे, उतरा आला तर पुढे.

पट्टीची तपासणी, न लपवता

खोलीतला दिवा घालवा. मोबाइलचा टॉर्च पट्टीच्या कडेला, जवळजवळ टेकवून, आडवा धरा. तारांखालच्या लांबट चरी सावलीने उठून दिसतात. राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्याच्या खरबरीत, तारा वर्षानुवर्षं वाजल्या असतील तर त्या असणारच, विशेषतः खालच्या सात-आठ जागांवर. प्रत्येक चरीवरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ती नुसती खूण आहे. अडकत असेल तर लिहून ठेवा, कोणत्या तारेखाली आणि कुठून कुठे. मग स्टीलची पट्टी कडेवर उभी करून फिंगरबोर्डवर लांबीच्या दिशेने ठेवा आणि मागून प्रकाश सोडा. कुठे उजेड झिरपतो, तिथे खड्डा. बोल्ट-ऑन नेकचं बॉडीकडचं टोक कधी कधी वर उचललेलं असतं. तसं असेल तर वरचे सूर घुसमटतात, आणि ट्रस रॉडने ते सुटत नाही.

खोल चरी असल्या तर पट्टी समतल करून विकावी का? आमचं मत, शक्यतो नको. समतल करणं म्हणजे लाकडाचा थर काढणं, आणि तो परत येत नाही. घेणाऱ्याला कदाचित इपॉक्सी चढवायची असेल, कदाचित चरींसकटच बेस आवडेल. प्रसिद्ध फ्रेटलेस बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसच्या पट्टीवर बोटीला लावतात ती इपॉक्सी चढवली होती आणि वर राउंडवाउंड तारा वाजवल्या. तो लख्ख आवाज ज्यांना हवा असतो ते पट्टीचं काम आपल्या हिशेबानेच करून घेतात. कामाचा अंदाज कारागिराकडून घ्या, तो आकडा गिऱ्हाइकाला सांगा आणि किमतीतून वजा करा.

दुसरी गोष्ट, बेस कारखान्यातूनच फ्रेटलेस आला की नंतर पडदे काढले? फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस फ्रेटलेस रूपात १९७० मध्ये बाजारात आणला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तयार फ्रेटलेस केले, पण आपल्याकडे घरी किंवा कारागिराकडून पडदे काढलेलेही पुष्कळ फिरतात. ओळख कडेच्या ठिपक्यांवरून पटते. पडदे काढलेल्या नेकवर ठिपके दोन रेषांच्या मध्ये राहिलेले असतात, म्हणून सूर ठिपक्यावर नसतो, त्याच्या पुढच्या रेषेवर असतो. अनेक तयार फ्रेटलेसवर ठिपके थेट सुराच्या जागी असतात. घेणाऱ्याचा हात कुठल्या सवयीचा आहे यावर त्याचा निर्णय ठरतो, त्यामुळे जाहिरातीत हे लिहाच. पडद्यांच्या खाचा कशाने भरल्या तेही लिहा. लाकडी पातळ पट्ट्यांनी भरलेल्या खाचा टिकतात. मऊ पुट्टीने भरलेल्या कालांतराने खचतात, आणि खाच रिकामी राहिली तर नेक पुढच्या बाजूला वाकायला मोकळी होते.

वायरिंग

व्हॉल्यूम किंवा टोन फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बिजागरीला मारतो तो गंज काढायचा स्प्रे इथे नको. जॅक सैल असेल तर नुसता बाहेरचा नट आवळू नका. आत जॅक धरून ठेवा, नाहीतर तो फिरतो आणि वायर तुटते. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. वाढली तर कुठेतरी जोड चुकला आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय बेस दाखवू नका. अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या) बेसमध्ये नवी ९ व्होल्टची बॅटरी घाला. केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते, हेही घेणाऱ्याला सांगा. आधी कधी पिकअप बदलले असतील आणि मूळचे जपून ठेवले असतील तर ते सोबत द्या. रंग मात्र नव्याने मारू नका, जुन्या रंगाला मोल आहे.

किंमत

जाहिरातीतली किंमत म्हणजे विकणाऱ्याची आशा. खरोखर विकल्या गेलेल्या किमती बघा. परदेशी वापरलेल्या वाद्यांच्या साइटवर विकलेल्या वस्तू वेगळ्या गाळून बघता येतात. मात्र तिथला आकडा रुपयांत बदलून तसाच लावू नका, कारण आयातशुल्क आणि वाहतुकीमुळे इथला भाव वेगळा असतो. इथे तेच किंवा त्याच तोडीचं मॉडेल आज नवं कितीला पडतं ते दुकानात विचारा. चांगल्या स्थितीतल्या, कारखान्यातूनच फ्रेटलेस आलेल्या बेसला नव्याच्या ६० ते ६५ टक्के हा आमचा ठोकताळा. पडदे काढलेल्याला त्याहून कमी. समजा नवा ६०,००० रुपयांना पडतो. तर ३६,००० ते ३९,००० ची अपेक्षा धरा, ४२,००० सांगा, आणि ३४,००० च्या खाली जायचं नाही हे कागदावर लिहून ठेवा. तो कागद महत्त्वाचा. लाडक्या वाद्याच्या बाबतीत माणूस एक तर अडून बसतो, नाहीतर चांगला वाजवणारा समोर आला की भरात भलत्याच किमतीला देऊन टाकतो. चांगल्या हातात जावं म्हणून थोडी सूट द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त किती ते आधी ठरवा.

घाई असेल तर दुकानात ठेवायला देता येतं. कमिशन किती, विकलं नाही तर परत कधी, आणि तोवर ओरखडा पडला तर कोणाचा, हे तिन्ही लिहून घ्या.

फोटो आणि आवाज

खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश न मारता. पूर्ण समोरून, पूर्ण मागून, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, सिरियल नंबर, नेक-बॉडीचा सांधा, ब्रिज, कंट्रोलच्या आतलं वायरिंग, प्रत्येक ओरखडा शेजारी नाणं ठेवून, आणि पट्टी आडव्या उजेडात. हा शेवटचा फोटो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो. वजन सामानाच्या काट्यावर करा. साडेचार किलोच्या पुढचा बेस अनेकांना नको असतो, आणि नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आवाजाचा नमुना मोबाइलच्या माइकवर घेऊ नका. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१.२ हर्ट्झचा, आणि मोबाइल तो नीट पकडत नाही. ऑडिओ इंटरफेसमध्ये (बेस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रात) थेट केबल लावा, इफेक्ट काहीही नको. कोरस लावला की पट्टीचे दोष झाकले जातात, आणि जाणकार गिऱ्हाइकाला संशय येतो. दीड मिनिट पुरे होतं: चारही मोकळ्या तारा, प्रत्येक तारेवर खालून वर एकेक अर्धस्वर सावकाश, प्रत्येक पिकअप वेगळा, आणि एक लांब मींड. वर लिहा की हेडफोनवर ऐका.

जाहिरातीचा मजकूर असा असावा:

"जॅझ बेस, ४ तारी, ३४ इंची, कारखान्यातूनच फ्रेटलेस. पट्टीवर रेषा आहेत, ठिपके रेषेवर. वजन ४.१ किलो. तारा नव्या फ्लॅटवाउंड, ०.०४५ ते ०.१०५. रिलीफ ०.२ मिमी, बाराव्या जागी ई २ मिमी, जी १.६ मिमी. ए आणि डी खाली तिसऱ्या ते सातव्या रेषेपर्यंत नखाला लागतील अशा चरी, फोटो पाहा. ट्रस रॉड मोकळा फिरतो. टोन पॉट खरखरत होता, साफ केला. हार्डकेस आणि मूळ नट सोबत. येऊन तासभर वाजवून बघा. ४२,००० रुपये."

'एकदम मस्त', 'नव्यासारखा' असले शब्द त्यात कुठेच नाहीत. त्यांची जागा आकड्यांनी घेतली आहे.

पाठवायचं कुठे? सर्वसाधारण जाहिरातींच्या साइटवर टाका, पण खरं गिऱ्हाईक ओळखीतून येतं. बेस शिकवणारे शिक्षक, स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट, फ्यूजन आणि गझलच्या कार्यक्रमांना साथ करणारे, गोवा-वसई-वांद्र्याकडची बँडमंडळी. मींड घेता येते म्हणून हिंदुस्थानी संगीताच्या साथीला फ्रेटलेस शोधणारे थोडे असतात, पण असतात. दोन-तीन महिने लागले तरी किंमत पाडू नका.

भेट आणि पैसे

घरी बोलावलंत तर अ‍ॅम्प, केबल, ट्यूनर तयार ठेवा. बेस तासभर आधी केसमधून काढून सुरात लावा. माणूस वाजवायला लागला की बोलणं थांबवा. पहिल्यांदाच फ्रेटलेस हातात घेणारा गोंधळेल, त्याला एवढंच दाखवा की बोट रेषेच्या मागे नाही, नेमकं रेषेवर ठेवायचं.

'उद्या येतो, कोणाला देऊ नका' असं म्हणणाऱ्याकडून विसार घ्या, आणि बेस किती दिवस धरून ठेवणार ते मेसेजमध्ये लिहा. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा तो पैसे देण्यासाठी. "मी परगावी आहे, कोड पाठवतो, स्कॅन केलात की पैसे येतील" म्हणणारा ठग असतो, मग तो स्वतःला कोणीही म्हणवो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, मग बेस हातात द्या. दोन साध्या कागदांवर पावती करा: दोघांची नावं, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, 'पाहून, वाजवून घेतला', दोन सह्या.

कुरियरने पाठवायचा असेल तर

तारा दोन-तीन अर्धस्वर उतरवा, पूर्ण सैल सोडू नका. सैल तारा प्रवासभर पट्टीवर आपटत राहतात, आणि इथे आपटायला धातूचे पडदे नाहीत. म्हणून नटापासून पट्टीच्या शेवटापर्यंत तारांखाली पातळ फोमची किंवा मऊ कापडाची पट्टी सरकवा. हेच नेमकं विसरलं जातं, आणि पोचलेल्या बेसवर नव्या खुणा दिसतात. बॅटरी काढा. हार्डकेसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कापड भरा, ते अधांतरी राहता कामा नये. केस खोक्यात ठेवताना सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर भर हवी. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

खोकं साधारण १३५ × ४५ × २० सेंटिमीटरचं होतं. अनेक कुरियर लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार ५,००० ने भागून वजन धरतात. म्हणजे २४.३ किलो, प्रत्यक्षात दहा-बारा किलोच भरलं तरी. हा खर्च कोण देणार ते आधी ठरवा, विमा पूर्ण किमतीचा घ्या, आणि पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.

परदेशी पाठवत असाल तर पट्टीचं लाकूड कोणतं ते तपासा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स (CITES) या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय हलवता येत नाही. बाकी रोझवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवीच्याही, तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून त्या करारातून सूट आहे.

केसच्या कप्प्यात अ‍ॅलन की, मूळ सुटे भाग आणि एक कागद ठेवा. त्यावर तारांची कंपनी आणि जाडी, आजचा रिलीफ, तारांची उंची आणि ट्रस रॉड शेवटचा कधी फिरवला ती तारीख लिहा. बेस मुंबईच्या दमट हवेतून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गेला तर नेक हलणारच. घेणाऱ्याला सांगा की पोचल्यावर केस लगेच उघडू नका, अर्धा दिवस खोलीत तशीच राहू द्या, आठवडाभर सुरात ठेवा आणि मगच ट्रस रॉडची की हातात घ्या.